जीविताशी गाठ असलेले सॉफ्टवेअर आणि ॲजाइल पद्धती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न मुख्यतः वैद्यकीय उपकरणांचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या अभियंत्यांकडून येतात. मोटारी, विमाने आणि रेल्वे सिग्नल या क्षेत्रांतील काही प्रश्नही त्यांत मिसळले आहेत. ॲजाइल म्हणजे सगळे काम एकदम न करता छोट्या, पुनःपुन्हा येणाऱ्या फेऱ्यांमध्ये सॉफ्टवेअर तयार करण्याची पद्धत. उत्तरे देताना शक्य तेथे एकच उदाहरण धरले आहे : रुग्णाच्या शिरेत ठरावीक वेगाने औषध सोडणारा इन्फ्युजन पंप. अतिदक्षता विभागात खाटेशेजारी हे उपकरण बहुतेकांनी पाहिलेले असते आणि त्याचे काम दोन वाक्यांत समजते. त्यातील चूक किती महागात पडते याचीही नोंद आहे. २००५ ते २००९ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, इन्फ्युजन पंपांशी संबंधित सुमारे ५६,००० प्रतिकूल घटनांचे अहवाल आले आणि पंप परत मागवण्याच्या ८७ कारवाया झाल्या. एफडीएने या घटनांची जी कारणे मांडली त्यांत सॉफ्टवेअरमधील दोषांना ठळक स्थान होते. एकदा दाबलेले बटण यंत्राने दोनदा दाबले असे समजणे, हा त्यांतलाच एक दोष. ताशी ५ मिलीलिटरऐवजी ५५ मिलीलिटर औषध जाण्यास तेवढे पुरेसे असते.

कोणत्या सॉफ्टवेअरला सुरक्षा-निर्णायक म्हणावे?

ज्याच्या चुकीमुळे, किंवा ऐनवेळी काम न करण्यामुळे, माणसाला इजा होऊ शकते किंवा त्याचा जीव जाऊ शकतो ते सॉफ्टवेअर सुरक्षा-निर्णायक होय. कार्यक्रम किती ओळींचा आहे किंवा किती अवघड आहे याचा या वर्गीकरणाशी संबंध नाही. चुकीचा परिणाम कोणाला आणि किती भोगावा लागेल, एवढ्यावरच ते ठरते.

येथे अक्षरांचा एक घोटाळा नेहमी होतो, म्हणून तो आधीच स्पष्ट करणे बरे. वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या आयईसी ६२३०४ या मानकात ए, बी आणि सी असे तीन वर्ग आहेत आणि मृत्यू किंवा गंभीर इजा संभवणारा वर्ग सी हा आहे. विमानातील सॉफ्टवेअरच्या डीओ-१७८सी मध्ये मात्र सर्वांत कडक पातळी ए असते आणि ई सर्वांत सौम्य. मोटारींच्या आयएसओ २६२६२ मध्ये पुन्हा उलट : ए सौम्य आणि डी कडक. रेल्वेत आणि सर्वसाधारण उद्योगांत एसआयएल (सुरक्षेच्या खात्रीची पातळी) १ ते ४ अशा पातळ्या वापरतात. भारतीय रेल्वेची ‘कवच’ ही गाडी-सुरक्षा प्रणाली एसआयएल-४ या सर्वोच्च पातळीची आहे. एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात आलेला अभियंता बैठकीत नुसते ‘लेव्हल ए’ म्हणाला, तर तो नेमके कशाबद्दल बोलत आहे हे विचारून घ्यावे.

आमच्या क्षेत्राचे मानक ॲजाइलला परवानगी देते का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. आयईसी ६२३०४ हे २००६ चे मानक, त्यातील २०१५ च्या दुरुस्तीसह, कोणती कामे झाली पाहिजेत आणि त्यांतून काय निष्पन्न झाले पाहिजे हे सांगते. ती कामे कोणत्या जीवनचक्रानुसार करावीत हे ते सांगत नाही. एकामागून एक टप्पे, वाढत जाणाऱ्या आवृत्त्या, किंवा पुनःपुन्हा फिरून येणारी चक्रे यांपैकी काहीही निवडता येते, मात्र ती निवड योजनेत लिहावी लागते आणि मग पाळावी लागते. हीच निवड ॲजाइलच्या भाषेत कशी मांडायची याचे मार्गदर्शन करणारा टीआयआर४५ हा तांत्रिक अहवाल अमेरिकेतील एएएमआय या संस्थेने २०१२ मध्ये काढला, एफडीएने तो आपल्या मान्य मानकांच्या यादीत घेतला, आणि २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. ज्यांना वरिष्ठांना किंवा गुणवत्ता विभागाला पटवायचे आहे त्यांनी हा अहवाल आधी वाचावा.

मोटारींच्या मानकाची भूमिका मला विशेष स्पष्ट वाटते. आयएसओ २६२६२ च्या २०१८ च्या आवृत्तीतील सहावा भाग असे मान्य करतो की ॲजाइल पद्धती सुरक्षेशी संबंधित सॉफ्टवेअरलाही योग्य ठरू शकतात. पण त्या पद्धतींची सबब सांगून सुरक्षेचे उपाय वगळता येणार नाहीत, किंवा मूलभूत कागदपत्रे आणि प्रक्रियेची शिस्त यांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असेही तेथेच सांगितले आहे. रेल्वेत ईएन ५०१२८ ची जागा घेणाऱ्या ईएन ५०७१६ या २०२३ च्या मानकाने चक्रीय जीवनचक्राला आपल्या मार्गदर्शनात स्थान दिले आहे. डीओ-१७८सी मध्ये ॲजाइलचा विचार नाही, तरी तेही उद्दिष्टे सांगणारे मानक असल्याने ती उद्दिष्टे कोणत्या क्रमाने गाठावीत याचे बंधन त्यात नाही.

तरीही, टप्प्याटप्प्याची जुनी पद्धत अधिक सुरक्षित नाही का?

असे मानण्याला इतिहासाचा फारसा आधार नाही. टप्प्याटप्प्याच्या या पद्धतीला ‘धबधबा’ पद्धत म्हणतात. तिचे मूळ म्हणून ज्या लेखाचा हवाला दिला जातो, तो विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा लेख. त्यात सरळ खाली उतरणाऱ्या टप्प्यांची आकृती काढल्यावर लगेच रॉइस यांनी ही पद्धत जोखमीची आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारी आहे असे लिहिले होते. दुसरे उदाहरण नासाच्या स्पेस शटलचे. त्याचे मुख्य उड्डाण-सॉफ्टवेअर आयबीएमने १९७७ ते १९८० या काळात, ३१ महिन्यांत १७ आवर्तनांमध्ये तयार केले. आवर्तन सरासरी आठ आठवड्यांचे होते. ‘ॲजाइल’ हा शब्द या अर्थाने रूढ होण्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे, आणि त्या सॉफ्टवेअरवर अंतराळवीरांचे प्राण अवलंबून होते.

टप्प्यांच्या पद्धतीत एक गोष्ट मात्र खरोखर चांगली होती : प्रत्येक टप्प्याच्या शेवटी कोणीतरी थांबून सगळ्या कामाकडे एकत्र पाहत असे. छोट्या चक्रांत हे थांबणे आपोआप होत नाही, ते मुद्दाम योजावे लागते.

जाहीरनाम्यात ‘विस्तृत दस्तऐवजांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर’ असे म्हटले आहे. मग कागदपत्रांचे काय?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जणांनी एकत्र येऊन ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात ‘यापेक्षा ते’ अशा चार जोड्या आहेत, आणि मूळ इंग्रजीत दस्तऐवज उजव्या बाजूला, चालणारे सॉफ्टवेअर डाव्या बाजूला येते. या जोड्यांनंतरचे शेवटचे वाक्य बहुतेक जण विसरतात : उजव्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहे, डाव्या बाजूच्या गोष्टींना आम्ही अधिक मोल देतो. दस्तऐवज नको असे तेथे कोणीही म्हटलेले नाही.

आपल्या क्षेत्रात कागद हा उत्पादनाचाच भाग असतो. पंपाचा कमाल वेग कोणत्या तर्काने ठरवला, तो ओलांडला जाऊ नये म्हणून कोडमध्ये कोणती तपासणी घातली, ती तपासणी चालते हे कोणत्या चाचणीने सिद्ध झाले, या तीन गोष्टींची साखळी दाखवता येत नसेल, तर पंप नीट चालत असला तरी तो सुरक्षित आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. तेव्हा विचारायचे ते एवढेच, की हा कागद कधी आणि कोणी लिहावा. माझे मत असे, की कोड लिहिताना जो विचार झाला तो त्याच आठवड्यात, त्याच माणसाने लिहावा. सहा महिन्यांनी, ऑडिटच्या आधी, दुसऱ्याच कोणी लिहिलेल्या आराखड्यात कोडचे वर्णन असते. निर्णयाचे कारण त्यात क्वचितच सापडते.

मग या सगळ्यात धोका नेमका कोठे आहे?

कोड पुढे सरकत राहतो आणि धोक्यांचे विश्लेषण जागच्या जागी राहते, तेथे. या सर्व उत्तरांमधून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही ठेवावी.

बोइंग ७३७ मॅक्स विमानातील एमकॅस या, विमानाचे नाक आपोआप खाली वळवणाऱ्या, प्रणालीचा इतिहास त्यासाठी बारकाईने पाहावा. मूळ रचनेत ही प्रणाली शेपटीचा आडवा पंख एका वेळी ०.६ अंशांपर्यंत फिरवू शकत होती. पुढे कमी वेगाच्या उड्डाणातही तिचा वापर करायचे ठरले आणि ही मर्यादा २.५ अंशांपर्यंत वाढवली गेली. प्रणालीचे नाव आणि हेतू तेच राहिले, मात्र तिची ताकद चौपटीहून अधिक झाली. प्रमाणनासाठी सादर झालेल्या सुरक्षा-विश्लेषणात हा बदल पूर्णपणे उतरला नाही, असे नंतरच्या तपासांतून पुढे आले. ही प्रणाली एका वेळी एकाच संवेदकाच्या माहितीवर चालत होती. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे विमान कोसळले; दोन्ही मिळून ३४६ जणांचे प्राण गेले. या अपघातांची कारणे अनेक आहेत आणि ती एका वाक्यात कोंबणे योग्य नाही, पण आपल्या कामापुरता धडा स्पष्ट आहे : ०.६ चे २.५ होते तेव्हा आधीचे विश्लेषण दुरुस्त करून भागत नाही, ते पुन्हा करावे लागते.

त्याआधीचे उदाहरण थेराक-२५ या किरणोपचार यंत्राचे. कॅनडाच्या एईसीएल या कंपनीच्या या यंत्राने जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिकेत आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जादा किरणमात्रा दिल्या आणि त्यांतील किमान तिघांचा त्यामुळे मृत्यू झाला. त्याचे सॉफ्टवेअर काही अंशी जुन्या थेराक-२० वरून घेतले होते. थेराक-२० मध्येही तसाच एक दोष होता. पण तेथे स्वतंत्र विद्युत संरक्षक मंडले होती आणि ती यंत्र बंद पाडत, त्यामुळे दोष कोणाच्या लक्षात आला नाही. नव्या यंत्रात ती मंडले काढून त्यांचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले गेले. मार्च १९८३ मध्ये या यंत्राचे जे सुरक्षा-विश्लेषण झाले त्यात सॉफ्टवेअरमधील उरलेल्या चुका गृहीत धरल्याच नव्हत्या. येथे कोडपेक्षा त्याच्या भोवतालची परिस्थिती अधिक बदलली होती, आणि ‘हा भाग तर आधीपासून चालतोच आहे’ या समजुतीने घात केला.

स्प्रिंट म्हणजे ॲजाइलमधील कामाची एक ठरावीक मुदतीची फेरी. दोन आठवड्यांचे स्प्रिंट असतील, तर कोड विश्लेषणाला मागे टाकून पुढे जाण्याची संधी वर्षाला सुमारे २६ वेळा येते. पण त्याच २६ वेळा विश्लेषण ताजे करण्याचीही संधी येते, आणि जी टीम ती घेते ती वर्षातून एकदा विश्लेषण उघडणाऱ्या टीमपेक्षा निश्चितच सुरक्षित असते. म्हणूनच मी ॲजाइलच्या बाजूचा आहे.

पहिल्या स्प्रिंटपूर्वी काय तयार असावे?

उपकरण कशासाठी आणि कोणी वापरायचे, त्यापासून कोणती हानी होऊ शकते, आणि ती टाळण्याची मुख्य जबाबदारी रचनेच्या कोणत्या भागावर आहे, एवढे ठरलेले असावे. आयएसओ १४९७१ नुसार जोखीम व्यवस्थापनाची योजना आणि धोक्यांची पहिली यादी हवी. ती अपुरी असणार हे गृहीत आहे, पण ती अजिबात नसेल तर प्राधान्यक्रम कशावरून लावणार?

रचनेचा पहिला निर्णय सर्वांत महत्त्वाचा असतो : जीवघेणे काय आणि बाकीचे काय, यांच्यामधली भिंत. पंपाच्या बाबतीत मोटरचा वेग ठरवणारा आणि मर्यादा तपासणारा भाग एका प्रोसेसरवर, आणि पडदा, नोंदी, रुग्णालयाच्या नेटवर्कशी संपर्क हे दुसऱ्या प्रोसेसरवर, अशी विभागणी केली आणि ती भिंत खरोखर टिकते हे सिद्ध केले, तर पहिला भाग सी वर्गात ठेवून दुसऱ्यातील बराचसा भाग खालच्या वर्गात आणता येतो. त्यानंतर नोंदींच्या पडद्यावर टीम हवी तितकी वेगाने फिरू शकते. ही भिंत नसेल तर नियमाने सर्वच कोड सी वर्गात जातो आणि प्रत्येक रंगबदलालाही तोच सोपस्कार लागतो. ‘रचना आपोआप उलगडत जाईल’ हे ॲजाइलमधील तत्त्व या एका भिंतीपुरते बाजूला ठेवावे, असे मी आग्रहाने सांगतो.

नॉर्वेतील सिंटेफ आणि एनटीएनयू या संस्थांमधील संशोधकांनी मांडलेल्या सेफस्क्रम या पद्धतीतही हेच दिसते. सुरक्षा-आवश्यकतांचे विवरण स्क्रमच्या (स्प्रिंटवर आधारलेल्या एका ॲजाइल पद्धतीच्या) बाहेर, आधी तयार होते. मग बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, कार्यात्मक आवश्यकता आणि सुरक्षा-आवश्यकता वेगळ्या ओळखता येतील अशा ठेवल्या जातात.

युजर स्टोरी हीच आवश्यकता मानता येईल का?

नाही. युजर स्टोरी म्हणजे वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहिलेली छोटी मागणी. स्टोरी संवाद सुरू करण्यासाठी असते, आवश्यकता तपासता येण्यासाठी. हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, सुरुवातीच्या आवृत्तीत पंप थांबवल्याशिवाय औषधाचा वेग बदलता येत नाही. रक्तदाब सांभाळणाऱ्या औषधांच्या बाबतीत काही क्षणांचा खंडही रुग्णाला सोसत नाही, म्हणून परिचारिका तक्रार करतात आणि बॅकलॉगमध्ये स्टोरी येते : ‘परिचारिका म्हणून, पंप चालू असतानाच मला वेग बदलता यावा.’ मागणी अगदी रास्त आहे. टीमला ती तीन दिवसांची वाटते.

आता धोक्यांची यादी हातात घेऊन तीच स्टोरी वाचावी. वेगाची कमाल मर्यादा आतापर्यंत ‘सुरू करा’ हे बटण दाबल्यावर तपासली जात होती. नव्या वाटेने आलेला आकडा त्या तपासणीतून जातो का? बटण दोनदा नोंदले गेले तर पूर्वी पंप सुरू होण्याआधी परिचारिकेला आकडा पाहायला वेळ मिळत होता; आता औषध लगेच वाढेल का, की नव्या आकड्याची पुष्टी मागितली जाईल? पुष्टी मागितली आणि तेवढ्यात परिचारिकेला दुसऱ्या खाटेकडे जावे लागले, तर पंप जुन्या वेगाने चालत राहील की थांबेल, आणि पडद्यावर कोणता आकडा दिसत राहील? नळी दाबली गेल्यास अलार्म किती वेळात वाजेल हे वेगावर अवलंबून असते. वेग मध्येच बदलल्यावर ते गणित नव्याने होते का?

या चार प्रश्नांमधून स्वतंत्र क्रमांक असलेल्या, तपासता येणाऱ्या आवश्यकता निघतात. ‘पंप चालू असताना स्वीकारलेला प्रत्येक नवा वेग, मोटरकडे जाण्यापूर्वी, औषधाच्या कमाल मर्यादेशी ताडून पाहिला जाईल’ ही त्यांपैकी एक. तिचे टोक वर धोक्याशी आणि खाली चाचणीशी जोडलेले असते. मूळ स्टोरी बॅकलॉगमधून निघून गेली तरी ही आवश्यकता उपकरण बाजारात असेपर्यंत राहते. आणि हो, तीन दिवसांचा अंदाज आता दोन स्प्रिंटचा झाला आहे; हा उशीर झाला असे मी म्हणणार नाही, कामाचा खरा आकार आता कळला आहे.

काम ‘पूर्ण’ झाले असे कधी म्हणावे?

वरील आवश्यकतेची चाचणी पार पडली, कोडचे परीक्षण दुसऱ्या जाणकाराने केले, आवश्यकतेपासून चाचणीपर्यंतचा माग जोडला गेला, बदलाचा परिणाम धोक्यांच्या यादीवर पडतो की नाही हे तपासून तसे लिहिले गेले, आणि सी वर्गाच्या भागाचा तपशीलवार आराखडा कोडशी जुळवून घेतला, तेव्हाच स्टोरी पूर्ण. यांपैकी ‘परिणाम पडत नाही’ हे उत्तरसुद्धा कारणासह लिहावे, कारण कोरी जागा पाहून विचार झाला होता की राहून गेला हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

माझ्या पाहण्यातील एका टीमने कागदपत्रांसाठी शेवटी एक वेगळा ‘कडक स्प्रिंट’ ठेवला होता. त्या स्प्रिंटमध्ये माग जोडताना असे दिसून आले की अलार्मच्या दोन आवश्यकतांसाठी चाचणीच लिहिलेली नव्हती, आणि चाचणी लिहिल्यावर त्यांतील एक नापास झाली. दोष सापडला हे चांगलेच झाले. पण तो सात महिने तेथे बसून होता आणि त्याच्यावर बरेच कोड उभे राहिले होते.

जोडीने कोड लिहिणे हे स्वतंत्र परीक्षण मानता येईल का?

जोडीने लिहिल्याने चुका कमी होतात, यात शंका नाही. पण दोघांनी एकत्र बसून एक गैरसमज करून घेतला असेल तर तो दोघांनाही दिसणार नाही, म्हणून स्वातंत्र्याची अट जेथे आहे तेथे तिसरी नजर लागते. ही अट क्षेत्रानुसार बदलते. डीओ-१७८सी च्या ए पातळीवरील ७१ उद्दिष्टांपैकी ३० स्वतंत्रपणे साधावी लागतात. रेल्वेत पडताळणी करणारा, वैधता तपासणारा आणि अंतिम मूल्यांकन करणारा यांच्या भूमिका पातळीनुसार वेगळ्या माणसांकडे ठेवाव्या लागतात. वैद्यकीय मानक यात तुलनेने सैल आहे, तरी सी वर्गाच्या कोडला ही सैलता लावू नये.

सुरक्षा-अभियंत्याने मात्र टीममध्ये, रोजच्या उभ्या बैठकीत असावे. तो स्वतंत्र मूल्यांकन करणारा नसतो. धोक्यांची यादी जिवंत ठेवणारा तो सहकारी असतो, आणि त्याला दर तीन महिन्यांनी बोलावून भागत नाही.

प्रॉडक्ट ओनरला जोखीम-नियंत्रणाचे काम मागे ढकलता येते का?

प्रॉडक्ट ओनर म्हणजे बॅकलॉगमधील कामांचा क्रम ठरवणारा. त्याला क्रम बदलता येतो, काम वगळता येत नाही. धोका निर्माण करणारे वैशिष्ट्य आणि त्याला आवर घालणारे नियंत्रण एकाच आवृत्तीत बाहेर पडले पाहिजे. शक्य असेल तर नियंत्रण आधी लिहावे.

चालू कोडची पुनर्रचना करावी की ‘चालते आहे, हात लावू नका’ हेच बरे?

पुनर्रचना करावी, कारण ज्या कोडला हात लावायची सगळ्यांना भीती वाटते तोच कोड पुढे सर्वांत धोकादायक ठरतो. पण स्वयंचलित चाचण्यांचे जाळे आधी पक्के हवे, आणि वेळेच्या गणिताकडे विशेष लक्ष हवे. वागणूक न बदलता केलेली पुनर्रचना कार्य संपायला लागणारा वेळ बदलू शकते. थेराक-२५ मधील एक दोष असाच वेळेचा होता : चुंबके जागेवर येण्यास सुमारे आठ सेकंद लागत, आणि तेवढ्यात तंत्रज्ञाने पडद्यावरील माहिती दुरुस्त केली तर ती दुरुस्ती यंत्राच्या एका भागाला कळतच नसे. सरावाने हात जलद चालू लागल्यावरच हा दोष उघडा पडला.

चाचण्या आणि बिल्ड चालवणाऱ्या साधनांवर विसंबायचे असेल, तर ती साधनेही तपासावी लागतात. आयएसओ २६२६२ मध्ये साधनावरील विश्वासाच्या पातळ्या आहेत, विमानांसाठी डीओ-३३० आहे, आणि आयएसओ १३४८५ गुणवत्ता प्रणालीत वापरलेल्या सॉफ्टवेअरची वैधता तपासायला सांगते. नापास व्हायला हवी ती चाचणी साधन खरोखर नापास दाखवते का, हे अधूनमधून मुद्दाम चूक घालून पाहावे. हे तासाभराचे काम आहे आणि फार थोड्या टीम ते करतात.

दर दोन आठवड्यांनी रुग्णालयांना नवी आवृत्ती द्यायची का?

अंतर्गत आवृत्ती दर स्प्रिंटला, अगदी रोजही तयार व्हावी. ती खऱ्या मोटरवर आणि खऱ्या नळीवर चालवावी, आणि शक्य तेव्हा परिचारिकांच्या हाती, रुग्णाशिवाय, द्यावी. ॲजाइलचा खरा लाभ येथे आहे, कारण वापरातील चुका आराखड्यात दिसत नाहीत, हातमोजे घातलेल्या बोटांखाली दिसतात.

रुग्णापर्यंत जाणारी आवृत्ती वेगळी गोष्ट आहे. तिच्यासाठी संपूर्ण प्रणालीची चाचणी, उरलेल्या ज्ञात दोषांचे मूल्यमापन, एकूण उर्वरित जोखमीचा निर्णय आणि गरजेनुसार नियामकाची मंजुरी लागते. शिवाय रुग्णालयात एकाच वॉर्डात दोन आवृत्त्यांचे पंप असणे हाच एक धोका आहे : एकीकडे वेग बदलताना पुष्टी मागितली जाते आणि दुसरीकडे नाही, अशा स्थितीत रात्रपाळीतील परिचारिकेने काय लक्षात ठेवावे?

भारतात विकायच्या उपकरणांना हे लागू होते का?

होय. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश झाला आहे. उपकरणांचे वर्ग ए ते डी असे चार आहेत. ते संपूर्ण उपकरणाचे वर्ग आहेत, आयईसी ६२३०४ चे सॉफ्टवेअरचे वर्ग नव्हेत. अर्जात ही सरमिसळ होऊ देऊ नये. नियमांच्या पाचव्या अनुसूचीतील गुणवत्ता प्रणाली आयएसओ १३४८५ शी बरीच जुळते. अमेरिकेतही २ फेब्रुवारी २०२६ पासून एफडीएचे नियम आयएसओ १३४८५:२०१६ वर आधारलेले झाले आहेत, त्यामुळे दोन्हीकडे विकणाऱ्या टीमला एकाच प्रक्रियेवर काम करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

ऑडिटर येतील तेव्हा त्यांना फळ्यावरच्या चिठ्ठ्या दाखवायच्या का?

तुमच्या योजनेत जे लिहिले आहे ते दाखवावे. योजनेत ‘प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी धोक्यांच्या यादीचे परीक्षण होईल’ असे असेल, तर ऑडिटर कोणताही एक स्प्रिंट निवडतील आणि त्या परीक्षणाची तारखेसह नोंद मागतील. ती मिळाली की पद्धतीचे नाव काय आहे याची त्यांना फारशी फिकीर नसते. स्प्रिंट, बॅकलॉग हे शब्द त्यांना परिचित नसतील असे धरून, मानकातील कोणते कलम तुमच्या कोणत्या कामाने पूर्ण होते याचा एक तक्ता आधीच तयार ठेवावा.

आमची टीम सहा जणांची आहे आणि हे सगळे एकदम जमणार नाही. कोठून सुरुवात करावी?

पुढच्या स्प्रिंटच्या नियोजनाला धोक्यांची यादी छापून टेबलावर ठेवा. प्रत्येक स्टोरी वाचून झाल्यावर एकाने विचारावे, ‘यातली कोणती ओळ हलते?’ उत्तर आणि त्याचे कारण स्टोरीतच लिहावे. पहिल्या दिवशी बैठक दीड तासाने लांबेल, आणि यादीतील किमान एक ओळ जुनी झालेली आढळेल. ती त्याच दिवशी दुरुस्त करावी.